साठीनंतर काय मोजायचं?

म्हातारपण कधी सुरू होतं, असं दिल्लीतल्या सरकारी कचेऱ्यांना विचारलं तर प्रत्येक खिडकीवर वेगळा आकडा मिळेल. केंद्र सरकारचा कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो. १९९८ पर्यंत तो अठ्ठावन्नाव्या वर्षी होत असे. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बासष्टीपर्यंत काम करतात आणि हाकेच्या अंतरावरच्या सर्वोच्च न्यायालयाचे पासष्टीपर्यंत. प्राप्तिकर खातं साठीला ज्येष्ठ म्हणतं आणि ऐंशीला अतिज्येष्ठ. आयुष्मान भारत योजनेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्पन्नाची अट काढली, पण ती सत्तरी गाठलेल्यांसाठीच. रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तोपर्यंत तिच्या लेखी बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी ज्येष्ठ होत होती आणि पुरुष साठाव्या. इकडे महाराष्ट्रात एसटीचं अर्धं तिकीट पासष्टीला आणि फुकट प्रवास पंचाहत्तरीला. या आकड्यांपैकी एकही माणसाच्या शरीराकडे बघून ठरलेला नाही. तिजोरीला किती झेपेल आणि नोकरीच्या किती जागा मोकळ्या करायच्या, या हिशेबातून ते आले. जर्मनीत बिस्मार्कनं १८८९ मध्ये वृद्धांसाठी पेन्शन सुरू केली तेव्हाही वयाची अट सत्तर ठरली आणि १९१६ मध्ये ती पासष्टवर आली, तीही राज्यकारभाराच्या सोयीनंच. तेव्हा आकडे मनमानी आहेत हे नव्यानं सांगायची गरज नाही. पण वार्धक्यशास्त्राचा गेल्या शतकभराचा पुरावा याच्या पुढं जातो. एखाद्या माणसाचं वय कळल्यानं त्याच्याबद्दल फार थोडं कळतं. तो काय करू शकतो हे कळलं तर बरंच कळतं, आणि ते त्याचं शरीर व त्याच्या भोवतीची जागा या दोघांच्या व्यवहारात ठरतं. हे दाखवणारं भारतातलं काही उत्तम संशोधन दिल्ली आणि तिच्या आसपासच झालं आहे. त्याचा उपयोग मात्र दिल्लीनं फारसा करून घेतलेला नाही.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे १०.३८ कोटी लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईच्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये काढलेल्या अहवालात २०२२ चा आकडा १४.९ कोटी आहे आणि २०५० चा अंदाज ३४.७ कोटी, म्हणजे दर पाच माणसांत एक. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१५-१९ या काळात भारतीयांचं जन्मावेळचं सरासरी आयुर्मान ६९.७ वर्षं होतं आणि दिल्लीचं ७५.९. इथं एक जुना गैरसमज दूर केलेला बरा. स्वातंत्र्याच्या सुमारास हे आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, याचा अर्थ लोक बत्तिसाव्या वर्षी मरत होते असा नाही. बाळं आणि बाळंतिणी मोठ्या संख्येनं दगावत, त्यामुळं सरासरी खाली येई. जे त्यातून तरले त्यांच्यातले कितीतरी सत्तरी पाहत. म्हातारपण या देशाला नवीन नाही. ते आता बहुतेकांच्या वाट्याला येऊ लागलं आहे, हे नवीन आहे.

शरीर म्हातारं का होतं, याचं उत्तर शोधणाऱ्या विद्येला रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यानं १९०३ मध्ये आजचं नाव दिलं, पण तिचं पहिलं पक्कं गणित त्याहून जुनं आहे. विमा व्यवसायातला इंग्रज गणिती बेंजामिन गॉम्पर्ट्झ यानं १८२५ मध्ये दाखवलं, की प्रौढपणापासून मृत्यूचा धोका चक्रवाढीनं वाढतो. आजच्या आकडेवारीत तो साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होताना दिसतो. नियम इतका सरळ म्हटल्यावर शरीरात एखादं घड्याळ असावं आणि वेळ भरली की ते थांबत असावं, असं वाटणं साहजिक होतं. उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी ते मोडून काढलं. पीटर मेडावर (१९५२), जॉर्ज विल्यम्स (१९५७) आणि टॉम कर्कवुड (१९७७) यांच्या मांडणीचं सार असं, की मुलं होऊन मोठी झाल्यावर शरीर टिकवण्याचं बक्षीस निसर्ग देत नाही. तरुणपणी उपयोगी पडणारं जनुक उतारवयात घातक ठरलं तरी ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. डागडुजीवर किती शक्ती खर्चायची याची शरीर काटकसर करतं आणि न झालेल्या डागडुज्या साठत जातात. पेशींच्या पातळीवर हे कसं घडतं याचे तपशील नंतर आले. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत पन्नासेक वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिकनं १९६१ मध्ये दाखवलं. गुणसूत्रांच्या टोकांवरच्या संशोधनाला २००९ चं नोबेल मिळालं. २०१३ मध्ये वार्धक्याच्या नऊ पेशीय खुणांची यादी झाली आणि दहा वर्षांनी ती बारावर गेली. यादी लांबतेच आहे, यावरूनच लक्षात यावं की एकच दोरी कापून हे थांबणारं नाही.

या सिद्धांतातून निघणारी गोष्ट आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची आहे. वार्धक्य जर ठरवून दिलेला कार्यक्रम नसेल आणि राहून गेलेल्या डागडुजीची बेरीज असेल, तर ते प्रत्येकात वेगळ्या वेगानं येणार. सहा महिन्यांची बाळं एकमेकांसारखी असतात. सत्तरीचे लोक एकमेकांसारखे नसतात. डॅनिश जुळ्यांच्या अभ्यासात आयुर्मानातल्या फरकाचा सुमारे पाव वाटा आनुवंशिकतेकडे गेला. अपघात आणि साथी वगळून केलेल्या काही नव्या गणितांत तो जास्त निघतो, पण तेव्हाही मोठा भाग जगण्याच्या परिस्थितीकडे उरतोच. बुद्धीची कथा आणखी गमतीची आहे. एका दिवशी तिशीच्या आणि सत्तरीच्या लोकांची परीक्षा घेतली की सत्तरीचे फारच मागं दिसतात आणि बुद्धी वयाबरोबर ढासळते असा निष्कर्ष निघतो. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिएटलमध्ये त्याच माणसांची दर सात वर्षांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दिसलं की बरीचशी घसरण वयाची नव्हतीच; दोन पिढ्यांच्या शाळेतला फरक वयाच्या नावावर खपत होता. नवी युक्ती शोधण्याचा वेग लवकर कमी होतो हे खरं, पण शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेली समज साठीनंतरही टिकते. आजच्या दिल्लीत नातीशी आजीची तुलना करताना हे विसरून चालत नाही. त्या दोघींत चाळीस-पन्नास वर्षांचं अंतर तर आहेच, पण एक न मिळालेली शाळाही आहे.

शाळेचा हा प्रश्न दिल्लीच्या दक्षिणेला, फरिदाबाद जिल्ह्यातल्या बल्लभगडमध्ये फार धारदारपणे पुढं आला. एम्सचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प तिथं १९६५ पासून चालतो. विजय चंद्रा आणि पिट्सबर्गच्या मेरी गांगुली यांच्या पुढाकारानं १९९० च्या दशकात भारत आणि अमेरिकेतल्या स्मृतिभ्रंशाचा तुलनात्मक अभ्यास झाला, तो या प्रकल्पातल्या २८ गावांत. पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाचे ५,१२६ लोक, त्यांतले ७३.३ टक्के निरक्षर. जगभर वापरली जाणारी स्मृतीची चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत बनलेली. तीत एक वाक्य लिहायला सांगतात, आणि ‘डोळे मिटा’ हे छापील वाक्य वाचून तसं करायला सांगतात. ज्यानं आयुष्यात पाटी धरली नाही तो इथं नापास होणारच. मग त्याला विस्मरण झालंय की शाळा मिळाली नव्हती, हे कळायचं कसं? संशोधकांनी हिंदीत नवी चाचणी बेतली. लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचं. वाचण्याऐवजी समोरचा करतो तसं करून दाखवायचं. दुसरी अडचण याहून खोल होती. स्मृतिभ्रंशाचं निदान करताना माणसाची रोजची कामं बिघडली आहेत का, हे पाहावं लागतं. अमेरिकेत त्यासाठी बँकेचे हिशेब, टेलिफोन, एकट्यानं केलेली खरेदी यांबद्दल विचारतात. बल्लभगडच्या खेड्यातल्या पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांकडून घर अशा कशाचीच अपेक्षा ठेवत नाही. ते बाजेवर बसतात, हुक्का ओढतात, हाक मारली की जेवायला येतात. त्यामुळं गावच्या जीवनाला धरून रोजच्या कामांची वेगळी प्रश्नावलीही तयार करावी लागली.

१९९८ मध्ये निष्कर्ष आले, आणि जगभरच्या तज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या. पासष्टीच्या पुढच्यांत सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १.३६ टक्के आणि अल्झायमरचं १.०७ टक्के, म्हणजे तोवर नोंदलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक. २००१ मध्ये नव्यानं होणाऱ्या अल्झायमरचा दर आला. वयाची रचना सारखी धरून तो हजारी ४.७ भरला, तर पेनसिल्व्हेनियाच्या मोनोन्गाहेला खोऱ्यात १७.५ होता. कारणं अनेक सुचवली गेली. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जनुकाचं प्रमाण तिथं कमी आढळलं. आजारी माणूस खेड्यात फार दिवस जगत नसेल, म्हणून मोजणीत सापडत नसेल. ज्या घरात म्हाताऱ्यावर काहीच भार नाही तिथं सुरुवातीची घसरण कुणाच्या नजरेलाच येत नसेल. यानंतर ‘भारतीयांना अल्झायमर होत नाही’ आणि त्याचं श्रेय हळदीला, असं एक सोपं स्पष्टीकरण वर्षानुवर्षं फिरत राहिलं. हळदीचा दावा करण्याजोगा पुरावा त्या अभ्यासात नव्हता.

पुढं भारताच्या दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये देवनारच्या संस्थेनं केली. तिच्यात पंचेचाळीस आणि त्यापुढचे ७२ हजारांहून अधिक लोक होते. त्यातल्या साठीच्या पुढच्या निवडक लोकांच्या स्मृतीची सविस्तर तपासणी एम्सच्या सहभागानं झाली, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण निघालं ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यात शहरापेक्षा जास्त. राज्याराज्यांत तफावत मोठी, दिल्लीत ४.५ तर जम्मू-काश्मीरमध्ये ११ टक्के. वीस-पंचवीस वर्षांत आजार पाचपट झाला असं यावरून कुणी म्हणू नये. दोन्हीकडची माणसं वेगळी, वयाची अट वेगळी, निदानाची पद्धत वेगळी. मोजपट्टी बदलली की म्हातारपणाचं चित्र इतकं बदलतं, हेच इथं पाहण्यासारखं आहे. माणसाची क्षमता त्याच्याकडून काय अपेक्षा आहे याच्या तुलनेतच दिसते. एकत्र कुटुंब म्हाताऱ्याला सांभाळतं हे जितकं खरं, तितकंच ते त्याची घसरण झाकतं हेही खरं. सून ताट वाढून देते तोवर सासूबाईंना स्वयंपाकाचा क्रम आठवत नाही हे कुणालाच कळत नाही. कळतं तेव्हा दोन-चार वर्षं हातची गेलेली असतात. ‘आपल्याकडे कुटुंब आहे, हे शास्त्र पाश्चात्त्यांना हवं’ असं म्हणणाऱ्यांनी बल्लभगडचे आकडे याही बाजूनं वाचावेत.

आजार आणि अक्षमता या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात, हेही त्या राष्ट्रीय अभ्यासातून दिसतं. साठीच्या पुढच्या सुमारे ७५ टक्के लोकांना एखादा तरी जुनाट आजार होता. पण आंघोळ, कपडे, जेवण, चालणं अशा मूलभूत कामांपैकी एखादं तरी अवघड जाणारे होते २४ टक्के. आणि स्वयंपाक, खरेदी, पैशांचा व्यवहार यांपैकी काही अवघड जाणारे ४८ टक्के. म्हणजे मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांतले कितीतरी आपलं आपण नीट करतात. ३६ टक्के तर अजून पोटासाठी काम करत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याची व्याख्याच या अंगानं केली. आजार नसणं ही तिची कसोटी नाही. ज्याला जे महत्त्वाचं वाटतं ते त्याला करता येणं ही कसोटी आहे. दवाखान्यातही याला जोड मिळते. वजन आपोआप घटणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं या पाचांपैकी तीन खुणा दिसल्या की त्या माणसाला जर्जर समजावं, हा लिंडा फ्रीड यांचा २००१ चा निकष आज सर्वमान्य आहे. त्यातल्या एकट्या चालण्याच्या वेगावरून पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधता येतो. चार मीटरची पट्टी आणि एक घड्याळ एवढंच साहित्य लागतं.

ही क्षमता फार आधीपासून घडत असते, आणि इथंही दिल्लीचा पुरावा जगात मानला जातो. लाजपतनगरच्या परिसरातल्या बारा चौरस किलोमीटर भागात १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या ८,१८१ बाळांची नोंद झाली आणि वाढत्या वयात त्यांची उंची-वजनं घेतली गेली. डॉ. संतोष भार्गव आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यातल्या १,५२६ जणांना ते २६ ते ३२ वर्षांचे असताना तपासलं. २००४ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार त्या कोवळ्या वयातच ४.४ टक्क्यांना मधुमेह झाला होता आणि १०.८ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते. ती मुलं बालपणी लठ्ठ नव्हती. दोन वर्षांची होईपर्यंत ती बारीक होती आणि नंतर बारा वर्षांपर्यंत भराभर अंगानं भरत गेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला, त्यातून याच्या आधीचा दुवा मिळाला. भारतीय बाळ जन्मतः वजनानं कमी, पण चरबीच्या प्रमाणात कमी नाही. स्नायू मात्र थोडे. आज पन्नाशीत असलेल्या दिल्लीकराचं सत्तरीतलं मूत्रपिंड, त्याची दृष्टी, त्याचे पाय यांचा हिशेब आईच्या पोटात आणि बालवाडीत सुरू झाला आहे. म्हणून वार्धक्याचं धोरण साठीला सुरू करणं हे फारच उशिरा जागं होणं आहे.

आता भोवतीची जागा. दिल्ली विकास प्राधिकरणानं सत्तर-ऐंशीच्या दशकांत तीन-चार मजली बिनलिफ्टच्या हजारो सदनिका बांधल्या. त्या घेणारी कुटुंबं तेव्हा तरुण होती. त्याच घरात आज गुडघे गेलेली बाई तिसऱ्या मजल्यावर अडकते. खाली उतरणं महिन्यातून एकदा, तेही डॉक्टरकडे जायला. तीच बाई तळमजल्यावर राहत असती तर तिच्या गुडघ्यांचा क्ष-किरण फोटो तोच असता, पण ती रोज भाजी आणायला गेली असती. चालत राहिल्यानं स्नायू टिकले असते, लोक भेटले असते. बाहेरून लिफ्ट बसवायला आता परवानगी मिळते, पण खर्चाची वाटणी आणि शेजाऱ्यांची संमती यांत ती बहुधा अडते. उलट उदाहरणही याच शहरात आहे. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोत पहिल्यापासून स्थानकांवर लिफ्ट आहेत आणि फलाट डब्याच्या पातळीत आहे. मुंबईच्या लोकलचे पूल चढणाऱ्या ज्येष्ठांना यातला फरक समजावून सांगायला नको. रस्ता ओलांडताना मात्र दिल्लीही कच्ची. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चाल धरून ठरवतात. जर्जर माणूस सेकंदाला पाऊण मीटरही जात नाही, आणि सिग्नल नसलेल्या ठिकाणी तर त्याला वालीच नाही. हवेचं काय सांगावं! सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी दिल्लीत शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपास राहते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच आहे. स्मृतिभ्रंशावरच्या लॅन्सेट आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली आणि ती सगळी दूर झाली तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल असं म्हटलं. त्यांत कमी शिक्षण, बहिरेपणा आणि अंधूक दृष्टी यांच्याबरोबर हवेचं प्रदूषणही आहे. अंधूक दृष्टीचं तर आपल्याकडे निमित्तही साधं असतं. एम्सच्या नेत्र केंद्रानं केलेल्या २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या अंधत्वाचं कारण ६६.२ टक्के वेळा मोतीबिंदू निघालं. पाऊण तासाच्या आतल्या शस्त्रक्रियेनं जे जातं त्याला वयाचा दोष म्हणणं हा आळस आहे.

वयाऐवजी क्षमता मोजा म्हटलं, की पहिला आक्षेप प्रशासनाचा येईल, आणि तो वजनदार आहे. कोट्यवधी लोकांची क्षमता तपासायची कुणी? जन्मतारीख कागदावर असते. क्षमता तपासायची म्हटलं की वैद्यकीय मंडळ आलं, रांग आली, चिरीमिरी आली. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी लोकांना काय सोसावं लागतं हे ज्यांनी पाहिलं आहे ते वयाच्या अटीला हात लावू नका म्हणतील, आणि पेन्शनच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयोगटाला महिना २०० रुपयेच मिळतात. एवढ्या रकमेसाठी पुन्हा चालायची परीक्षा घेणं क्रौर्य होईल. हक्क वयानं द्यावा. सेवा आणि उपचार मात्र क्षमतेनं ठरावेत. ऐंशीच्या ठणठणीत माणसाची शस्त्रक्रिया ‘या वयात कशाला’ म्हणून टाळायची आणि बासष्टीच्या जर्जर बांधकाम मजुराला सत्तरीची वाट बघायला लावायची, हे दोन्ही अन्याय एकाच आकड्यातून होतात. दुसरा आक्षेप आशावाद्यांचा: औषध येऊ घातलं आहे, मग एवढा खटाटोप कशाला? सूत्रकृमीचं एक जनुक बदलून त्याचं आयुष्य दुप्पट करणं सिंथिया केनयन यांना १९९३ मध्ये जमलं, हे खरंच थक्क करणारं आहे. पण माणसात वार्धक्य मंद करणारी एकही गोळी अजून सिद्ध झालेली नाही, आणि जीन कॅल्मां या फ्रेंच बाईंचा १२२ वर्षांचा विक्रम १९९७ पासून कुणी मोडलेला नाही. जेम्स फ्राइज यांनी १९८० मध्ये मांडलेली आशा मला अधिक कामाची वाटते: आयुष्य फार लांबलं नाही तरी आजारपणाचा काळ शेवटच्या थोड्या वर्षांत आवळून बसवता येतो. ही आशा सगळीकडे फळलेली नाही. जिथं फळली तिथं तिच्या मुळाशी शिक्षण, पोषण आणि चालण्याजोगे रस्ते दिसतात.

एम्समध्ये आज वृद्धचिकित्सेचा स्वतंत्र विभाग आहे, २०० खाटांचं राष्ट्रीय वार्धक्य केंद्र आहे; पण गुरुग्राम, नोएडा, फरिदाबाद धरून पसरलेल्या या महानगराला ते कुठं पुरणार? सुदैवानं सुरुवातीला रुग्णालय लागतच नाही. आशा कार्यकर्ती घरोघरी जो तपासणी तक्ता भरते त्याच्यात साठीच्या पुढच्यांसाठी चार प्रश्न आधीच छापलेले आहेत: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, शरीराच्या एखाद्या व्यंगामुळं हालचालीला अडथळा येतो का, जेवण, कपडे, आंघोळ, शौच अशा रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरतो का. हे चार प्रश्न घरातल्या ज्येष्ठांना आपणही विचारावेत, आणि एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर ‘वय झालं’ असं म्हणण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्यावं.